शेवटची काठाला लागेपर्यंत

बेडकी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. पण घरी, शाळेत, क्लबात, कुठेही तिला दुसऱ्या नावाने हाक मारली तर ती मान वळवत नसे. हे नाव पाडलं तिच्या बाबांनीच. लहानपणी तिला पहिल्यांदा पाण्यात सोडलं तेव्हा बाकीची मुलं हातपाय झाडून पाण्याशी भांडत होती. ही मात्र गुडघे दुमडून, टाचा फाकवून, एकेका झटक्याने शांतपणे पुढे सरकत होती. तिला तसं कुणी दाखवलेलं नव्हतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. जे आपणहून बरोबर चाललंय त्याला पाना लावायचा नाही, हा त्यांचा धंद्यातला नियम. काठावरून ते एवढंच म्हणाले, "बेडकी आहे आपली. राहू द्या तशीच."

ती तशीच राहिली. पोहण्यात ब्रेस्टस्ट्रोक तिचा आणि स्वभावात हट्ट तिचा. बेडकाला मागे उडी मारता येत नाही, तशी हिलाही येत नसे. नववीत पोचली तोवर हे दोन्ही गुण सगळ्यांना माहीत झाले होते. पहिल्याचं कौतुक व्हायचं आणि दुसऱ्याबद्दल घरी तक्रारी यायच्या.

तिची सकाळ सुरू व्हायची पावाच्या गाडीत. आई एका बेकरीची गाडी चालवायची. अजून उजाडायचं असताना गाडी भरायची, मग एकेका दुकानाच्या बंद शटरपाशी थांबून भरलेले क्रेट उतरवायचे आणि आदल्या दिवशीचे रिकामे उचलायचे. बेडकी पुढच्या सीटवर, मांडीवर पोहण्याची पिशवी. पहिल्या काही दुकानांना ती हात लावायची, मग आई तिला क्लबाच्या दारात सोडून पुढे जायची. दबलेला, विकता न येणारा एखादा पाव तिच्या वाटणीचा. क्लबातल्या मुली म्हणायच्या, "आली गं, भट्टीतनं गरम गरम आली." बेडकी म्हणायची, "वास घ्या फुकट. खायला मिळणार नाही."

क्लबाचा तलाव छपराखाली होता. पाणी कोमट, आठ लेन, आणि काठाला अशा पन्हळी की उठलेली लाट तिथेच गिळली जायची, परत फिरून तोंडावर यायची नाही. पहिली लेन सगळ्यांत चांगल्या मुलींची. शेवटची लेन चिल्लीपिल्लींची. मधल्या लेनमधल्या पोरी पहिलीकडे डोळे लावून असायच्या. पहिलीतल्या पोरी एकमेकींना पाण्यात पाहायच्या, आणि तिथे दुसरीकडे कुठे पाहायला जागाही नव्हती.

हे सगळं ज्यांच्या जरबेत चालायचं ते सर रबरी चपला घालून काठावरून आवाज न करता फिरायचे. बोलणं कमी, पण नजर अशी की बेडकीचा गुडघा दुखायला लागणार हे तिच्या आधी त्यांना कळलं होतं. लाथ मारताना पाऊल किती वळवायचं हे त्यांनी तिला महिनाभर नुसतं भिंतीला धरून करायला लावलं. तिचं पोहणं त्यांनी घडवलं होतं आणि ती ते मानत होती. म्हणूनच पुढचं सगळं अवघड झालं.

राज्य स्पर्धेत क्लबाचा रिले संघ उतरायचा. चार मुली, पोहण्याचे चार प्रकार, प्रत्येकीने एक पोहायचा. त्या चौघींना नारिंगी टोपी मिळायची. ती विकत मिळत नसे, सर स्वतः हातात द्यायचे. दोन वर्षं बेडकी त्या टोपीकडे बघत होती. या वर्षी ब्रेस्टस्ट्रोकची जागा तिचीच होती, हे सगळ्यांना न सांगता कळलं होतं.

आणि दुसरीकडे होती शाळेची टाकी.

व्यायामशाळेच्या मागे, उघड्यावर. तलाव म्हणायला मुलींची जीभ रेटत नसे, म्हणून टाकी. तिथे लाट भिंतीवर आपटून परत यायची आणि दुसऱ्या लाटेला धडकायची, त्यामुळे चार जणी पोहायला लागल्या की पाणी उकळल्यासारखं दिसायचं. पोहण्याच्या तासाला देखरेख भूगोलाच्या बाईंची, कारण दुसरं कुणी तयार झालं नव्हतं. बाईंना जगातल्या सगळ्या समुद्रांची नावं पाठ होती, पोहता मात्र येत नव्हतं. त्या हे लपवत नसत. पहिल्याच दिवशी हातात लांब काठी घेऊन त्यांनी सांगितलं होतं, "हे बघा, तुमच्यातली कुणी गटांगळी खायला लागली तर मी फार तर ही काठी पुढे करीन. त्यामुळे इथला नियम एकच. शेवटची काठाला लागेपर्यंत कुणीही पाण्याबाहेर यायचं नाही. पुढची पोचली तर तिथेच थांबायचं, पाण्यात, मागच्यांकडे तोंड करून. कळलं?"

काळजीपोटी घातलेला नियम होता, पण पोरींच्या अंगात तो असा मुरला की त्याचा नियमपणाच गेला. पोचायचं, वळायचं, लेनच्या दोरीवर कोपर टाकायचं आणि शेवटचीची वाट बघायची. शेवटची बहुतेक एकच असायची. तिचं नाव पडलं होतं शेपूट. शेपटीला त्याचं काही वाटत नसे. "मी आहे म्हणून तुम्हाला दम खायला मिळतो," असं ती पोचल्यावर धापा टाकत म्हणायची.

त्या वर्षी शाळेत पहिल्यांदाच रिलेपुरत्या चार मुली जमल्या. बॅकस्ट्रोकला लंबू, जिचे पाय टाकीत जेमतेम मावायचे. ब्रेस्टस्ट्रोकला बेडकी. बटरफ्लायला वटवट, जी पाण्यात तोंड असतानाच काय ती गप्प बसायची. आणि फ्रीस्टाइलला, म्हणजे साधं सरळ पोहायला, अगदी शेवटी, शेपूट. बेडकीला काढलं तर तिघी उरत होत्या, आणि तिघींची रिले नसते.

शालेय स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती, आणि राज्य स्पर्धा त्यानंतर आठवड्याभराने.

सरांनी तिला सराव संपल्यावर थांबवलं. "तुझ्या शाळेतून नाव गेलंय म्हणे."

"हो सर. रिलेला."

"काढून घे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आता अंगातला थकवा काढायचे दिवस आहेत. तू सकाळी इथे, दुपारी त्या हौदात. गुडघा पुन्हा बोलायला लागेल. शालेय स्पर्धा तुझ्या लायकीची नाही."

"माझ्यावाचून त्यांचा संघ होत नाही."

"तुझ्यावाचून माझाही होत नाही. म्हणून सगळ्यांना सांगितलंय तेच तुलाही सांगतो. या महिन्यात जी शाळेकडून पोहेल, ती क्लबाच्या रिलेत नाही. एकीला सूट दिली तर उद्या सगळ्या मागतील. तळ्यात-मळ्यात चालणार नाही. दोन दगडांवर पाय ठेवणारा आपटतो."

"सर, मी दगडावर नाहीच. मी पाण्यात आहे."

सर हसले नाहीत. "टोपी हवी असेल तर उद्यापर्यंत नाव काढ."

दुसऱ्या दिवशी पावाच्या गाडीत बेडकीने हे आईला सांगितलं. पुढच्या दुकानापाशी आई क्रेट उतरवताना म्हणाली, "सरांचं काय चुकलं? दोन वर्षं मी तुला या गाडीतून ओढतेय ते कशासाठी? त्या हौदासाठी?"

"टोपीसाठी."

"मग?"

"आई, मी नाही म्हटलं की तिघींचं संपलं. शेपूट आजवर कशात उतरलेली नाही."

"तिचं नाव शेपूट तूच ठेवलंस ना? आणि आता तिच्यासाठी डोळ्यांत पाणी."

"पाणी नाहीये. मी दोन्हीकडे पोहणार आहे."

"सर नाही म्हणतायत."

"सर त्यांच्या रिलेतून काढतील. सराव बंद करणार नाहीत. माझी एकटीची शर्यत आहेच. मी रोज जाणार, आणि शाळेकडूनही पोहणार. बघू कोण आधी कंटाळतं."

आईने क्रेट आदळला. "अगदी बापावर गेलीस."

बाप त्या रात्री ताटावर बसून जेवता जेवता सगळं ऐकत होता. आई म्हणाली, "अहो, सांगा तिला काही. माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

बाबांनी घास संपवला. "लिफ्टला किती दोर असतात माहितेय?"

"झालं," आई म्हणाली. "आली लिफ्ट."

"चार, पाच, सहा. आणि त्यातला एकेक दोर एकटा सगळा भार उचलू शकतो. मग एवढे कशाला? तर एकावर लिफ्ट टांगणारा माणूस मूर्ख." त्यांनी बेडकीकडे पाहिलं. "पण दोर झिजतात. ज्याला जास्त टांगायचे असतील त्याने रोज तपासायचे. तुझा गुडघा दुखला की लपवायचं नाही. एवढं कबूल असेल तर जा दोन्हीकडे."

"म्हणजे तुम्ही तिच्याच बाजूने," आई म्हणाली.

"मी दोरांच्या बाजूने."

बेडकीने नाव काढलं नाही. त्यानंतरच्या सकाळी सरांनी शेवटच्या लेनकडे बोट दाखवलं.

ती गेली. तिच्या कमरेएवढ्या पोरांच्या मध्ये, जिथे कुणाचा गॉगल पाण्याने भरायचा, कुणी वाटेतच दोरीला लोंबकळायचं. पहिल्या लेनमधल्या पोरी कान टवकारून होत्या. एक म्हणाली, "काय गं, पाळणाघर उघडलंस?" बेडकी म्हणाली, "हो. तुझं नाव घालू का?"

पण शेवटच्या लेनमध्ये सरळ पोहायला जागा नसते. पुढच्याला गाठलं की थांबावं लागतं. थांबून करायचं काय, म्हणून बेडकी सवयीने वळून दोरीवर कोपर टाकायची आणि मागच्यांची वाट बघायची. दोन दिवसांत चिल्लीपिल्ली तसंच करायला लागली. सगळ्यांत मागे चिमणी नावाची एक इवलीशी मुलगी असायची. आधी ती अर्ध्यावर बाहेर पडून रडायची. आता टोकाला आठ-दहा तोंडं आपल्याकडे वळलेली दिसायची म्हणून तिला पोचावंच लागायचं.

सर म्हणाले, "ही गर्दी कसली? पोचलात की वर या. पुढची तुकडी उभी आहे."

"चिमणी यायचीय सर."

"ती येईल."

"हो, येतेच आहे," बेडकी म्हणाली आणि हलली नाही.

सरांनी शिट्टी वाजवली. बाकीची पोरं वर चढली. ही चिमणी येईपर्यंत थांबली आणि मग चढली. हे रोज झालं. दुपारी ती टाकीत जायची, रात्री वहीवर डोकं ठेवून झोपायची. गुडघा दुखला त्या दिवशी तिने बाबांना सांगितलं आणि एक दिवस दोन्हीकडे सुट्टी घेतली. त्या दिवशी घरात कुणाला तिच्याशी बोलायची सोय नव्हती.

टाकीत तिने तिघींना स्पर्धेचे नियम समजावले. "आपली पाळी संपली की पाण्याबाहेर यायचं. आणि मग सगळ्या शाळांच्या शेवटच्या मुली काठाला लागेपर्यंत पुन्हा पाण्यात पाय टाकायचा नाही. टाकला तर आख्खा संघ बाद."

वटवट म्हणाली, "म्हणजे आपल्या बाईंच्या बरोबर उलटं."

"बरोबर उलटं. लक्षात ठेवा. जिंकलो म्हणून कुणी आनंदाने उड्या मारू नका."

"जिंकलो म्हणून," शेपूट म्हणाली. "हे वाक्य पुन्हा म्हण ना."

शालेय स्पर्धा त्यांच्या क्लबाच्याच तलावात होती. आणि पंचांची कमतरता नेहमीचीच, म्हणून क्लबाचे सर पंच. पांढरा सदरा घालून ते बेडकीच्या लेनच्या टोकाला उभे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

लंबूने सुरुवात बरी केली. बेडकी उतरली तेव्हा तिच्या पुढे चार संघ होते. ती थकलेली होती, तीन आठवडे दोन्हीकडचं पाणी तिच्या खांद्यांत साठलं होतं. पण पहिल्याच लाथेला पाऊल बरोबर वळलं आणि तिला कळलं की आज होणार. एकेक पाय दिसायचे आणि मागे पडायचे. ती काठाला लागली तेव्हा पुढे एकच संघ उरला होता. वटवट डोक्यावरून उडाली. बेडकी बाहेर आली, नियमाप्रमाणे. वटवटने एक जागा गमावली, आणि तिसऱ्या क्रमांकावर शेपूट पाण्यात पडली. मागचे दोन संघ तिच्या पायाशी आले होते. शेपटीने तोंड पाण्यात घातलं ते श्वास घ्यायलाही बाहेर काढलं की नाही देव जाणे. बाई काठावर काठी शोधत होत्या, जी त्यांनी शाळेतच ठेवली होती. शेपूट तिसरी लागली.

लंबू आणि वटवट एकमेकींच्या गळ्यात पडल्या, पाण्यापासून चांगल्या चार हात लांब. शेपूट पाण्यातच दोरीला धरून वर बघत होती.

शेजारच्या लेनमध्ये दुसऱ्या एका शाळेची मुलगी अजून येत होती. बाकी सगळ्या पोचल्या होत्या. तिचं अंतर बरंच उरलं होतं, मान वर काढून ती कसंबसं ओढत होती. एकदा तिने दोरीकडे हात नेला आणि मागे घेतला. ती बुडत नव्हती. जीवरक्षक तिथेच बसलेला होता, त्याला उठावंसंही वाटलं नव्हतं. हे नंतर सगळ्यांनी बेडकीला सांगितलं, आणि ते खरंच होतं.

बेडकीने काही ठरवलं नाही. पाण्यात कुणीतरी होतं आणि आपण बाहेर होतो, एवढंच तिच्या अंगाला कळलं. ती काठावर बसली, पाण्यात उतरली, वळली आणि शेपटीच्या शेजारी दोरीवर कोपर टाकून त्या मुलीकडे बघत राहिली. रोज बघायची तशी. ती मुलगी आली. भिंतीला हात लावून तिने आधी बेडकीकडे पाहिलं, ही आपली कोण हे न कळून.

मग बेडकीने वर पाहिलं. सरांचा हात वर होता. संघ बाद.

तो हात बरोबर होता. कोणत्याही पंचाने तो वर केला असता. तिने स्वतः तो नियम शिकवला होता.

कपडे बदलायच्या खोलीत वटवट एक शब्द बोलत नव्हती. लंबू म्हणाली, "तूच सांगितलं होतंस ना? आम्ही तिघी पाळतो आणि तू, क्लबवाली, तू उडी मारतेस?"

"उडी नाही मारली. उतरले."

"मोठा फरक पडला."

शेपूट बाकावर टॉवेलात तोंड घालून बसली होती. "मी आयुष्यात पहिल्यांदा तिसरी आले होते," ती आतूनच म्हणाली.

"आलीस," बेडकी म्हणाली. "तुझी बोटं भिंतीला लागलेली मी पाहिली. फळ्यावर नसेल. पण आलीस."

बाई दारात उभ्या होत्या. "रागवायचंच तर माझ्यावर रागवा. सवय मी लावली." मग म्हणाल्या, "आणि मी ती बदलणार नाही, कारण मला अजूनही पोहता येत नाही. आधी अंगं पुसा."

लंबूला हसू आलं आणि त्याचा तिला आणखी राग आला.

बेडकी बाहेर पडली तर ओलसर बोळात सर उभे. पांढरा सदरा काढून त्यांनी हातावर टाकला होता. म्हणाले, "सोमवारी पहिल्या लेनमध्ये ये."

"का सर?"

"बाद संघाचा निकाल लागत नाही. वेळ नाही, क्रमांक नाही. हिशेबाने बघितलं तर तू आज शाळेकडून पोहलीच नाहीस. म्हणजे माझा नियम मोडलेला नाही. कुणी विचारलं तर मला सांगता येईल. टोपी तुझी आहे."

हे बोलायला त्यांना जड जात होतं, ते तिला दिसलं. आडवाट काढणारा माणूस नव्हता तो. तीन आठवडे शेवटच्या लेनकडे न बघता ते रोज बघत होते, आणि आज त्यांना तिच्यासाठी एवढीच एक फट सापडली होती. तिच्या डोळ्यांसमोर टोपी आली. तिचा रंगसुद्धा तिला तोंडात चवीसारखा जाणवला.

"सर, मी पोहले," ती म्हणाली.

"अगं, मी काय म्हणतोय—"

"कळलं. पण मी पोहले नाही म्हटलं तर शेपूटही पोहली नाही. लंबू नाही, वटवट नाही. त्या तिथे आत बसल्यात. त्यांना मी जाऊन सांगू, आपण आज आलोच नव्हतो?"

"त्यांना सांगायला कोण जातंय?"

"मला माहीत असेल ना."

सर मग म्हणाले, "टोपी दुसरीला जाईल."

"जाऊ द्या. मला खूप वाईट वाटणार आहे. राज्य स्पर्धेला तिच्या डोक्यावर बघेन तेव्हा तर फारच. पण मी पोहले, सर. तुम्ही हात वर केलात तो कुणासाठी? जी पोहली तिच्यासाठीच ना?"

सरांनी सदरा या हातावरून त्या हातावर घेतला. "हट्टाला पेटलीस."

"हो," ती म्हणाली.

घरी आईने ऐकून घेतलं आणि ताटं जरा जास्त आवाज करत मांडली. बाबा काही बोलायला तोंड उघडणार तोच म्हणाली, "आता लिफ्ट नको." पण सोमवारी पहाटे तिने बेडकीला नेहमीसारखंच हलवून उठवलं, आणि दबलेला नव्हे, चांगला फुगलेला एक पाव क्रेटमधून काढून तिच्या पिशवीवर ठेवला.

"हा विकायचा आहे," बेडकी म्हणाली.

"मला शिकवू नकोस. खा."

क्लबात पहिल्या लेनमध्ये नारिंगी टोपी दुसऱ्या मुलीच्या डोक्यावर होती. बेडकीने ती बघितली. वाईट वाटलं, म्हटलं होतं तेवढंच. मग ती चालत शेवटच्या लेनपाशी गेली आणि चिल्लीपिल्लींच्या रांगेत मागे उभी राहिली.

सराव संपत आला. पोरं टोकाला पोचली, वळली, दोरीवर कोपरं टाकून एका ओळीत उभी राहिली. चिमणी अर्ध्यावर होती. पुढच्या तुकडीची मुलं काठावर पाय आपटत होती. सर रबरी चपलांनी आवाज न करता तिथवर आले, शिट्टी तोंडाशी नेली आणि खाली बघितलं.

"रोज वेळ जातोय तुझ्या या शाळेपायी," ते म्हणाले.

बेडकीने वर पाहिलंच नाही. तिची नजर पाण्यावर होती. "जाऊ द्या सर," ती म्हणाली, "अजून एक यायचीय."

सरांनी शिट्टी तोंडातच धरली. चिमणी हात मारत येत होती.